तेल्या, मोरचूद आणि सहा ग्रॅमची पुडी

मंडळी, या वीकेंडला जरा शेतात जाऊया. घाबरू नका, कीबोर्ड सोडून नांगर धरा असं सांगत नाहीये :-) विषय केमिस्ट्रीचा आहे, थोडा बायोलॉजीचा आहे आणि बराचसा नाशिक जिल्ह्याचा आहे.

'तेल्या' हा शब्द ऐकलाय? डाळिंबाच्या पानावर आधी एक बारीकसा, पाणी झिरपल्यासारखा तेलकट ठिपका दिसतो. म्हणून तेल्या. पुढे तो काळपट होतो, फळावर येतो, आणि मग फळाची साल 'एल' किंवा 'वाय' या अक्षरांसारखी तडकते. आतले दाणे कितीही गोड असोत, तडकलेलं फळ व्यापारी घेत नाही. हा बुरशीचा रोग नाही, जिवाणूचा आहे. झँथोमोनास नावाच्या कुळातला हा जिवाणू. भारतात डाळिंबावर त्याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीची. पण त्याने खरा धिंगाणा घातला तो त्यानंतर पन्नास वर्षांनी, कर्नाटकात आणि आपल्या महाराष्ट्रात.

या तेल्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं जी फवारणी होत होती तिची गंमत अशी, की ती एक धातू आणि एक अँटिबायोटिक यांची जोडी होती. आणि धातू व अँटिबायोटिक एकत्र आणले तर जिवाणू जास्त मरतात का, या प्रश्नावर जगभरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये आजही ढिगाने काम चालू आहे. म्हणजे लॅबमध्ये काचेच्या बशीत जो प्रयोग होतो, त्याचा मोठा भाऊ कसमादेच्या (म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) माळरानावर खुल्या आकाशाखाली होऊन गेलाय. तो कसा सुरू झाला, कसा चालला आणि कसा बंद पडला, ही आजची गोष्ट.

* * *

आधी धातू. तोही फ्रान्समधून नाशिकला आलेला.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर अमेरिकेतून आलेल्या एका किडीने हल्ला केला. किडीला तोंड देणारी रोपं आणायची म्हणून अमेरिकेतूनच रोपं मागवली, आणि त्यांच्यासोबत केवडा फुकटात आला. केवडा म्हणजे शहरी भाषेत डाऊनी मिल्ड्यू. (एक बग फिक्स करताना दुसरा प्रॉडक्शनला पाठवणं ही परंपरा आपल्या इंडस्ट्रीपेक्षा जुनी आहे तर.) १८८२ च्या सुमारास बोर्दो विद्यापीठातला वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे मेदोक भागात फिरत होता. बाकी मळ्यांची पानं गळालेली, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार. चौकशी केल्यावर कळलं, की येणारे-जाणारे द्राक्षं चोरून खातात म्हणून मळेवाल्यांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर, विषारी दिसावं म्हणून! मिलार्देने त्यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. हेच ते बोर्डो मिश्रण.

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, ओझर या पट्ट्यात आज कुठल्याही द्राक्षबागायतदाराला 'बोर्डो' म्हणा, समजावून सांगावं लागत नाही. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण नीट झालं का हे बघायला लोखंडी विळा किंवा खिळा त्यात बुडवायचा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं राहिलंय, पानं जाळेल, अजून चुना घाला. विळा कोराच राहिला तर फवारा. इतकं साधं आणि चोख टेस्टिंग आमच्या कित्येक प्रोजेक्टांत होत नाही.

तांब्याने जिवाणू आणि बुरशी का मरतात? तांब्याचे आयन पेशीत घुसतात आणि एकाच वेळी चार ठिकाणी नासधूस करतात. लोह आणि गंधक मिळून बनलेले एन्झाइमांचे नाजूक भाग असतात, तिथून लोहाला हुसकून देतात. स्वतः एका रूपातून दुसऱ्या रूपात उड्या मारत पेशीला घातक असे ऑक्सिजनचे रेणू तयार करतात. नाशिक तर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या रॉब रीड आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पितळी भांड्यात जिवाणू असलेलं पाणी ठेवून पाहिलं, तर दोन दिवसांत ते जिवाणू सापडेनासे झाले. त्यामुळे ऑफिसात डेस्कवर तांब्याची बाटली ठेवणाऱ्यांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. फक्त ती बाटली सगळे रोग बरे करते हे व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांचं म्हणणं तेवढं सोडून द्या.

* * *

आता अँटिबायोटिक. त्यासाठी नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागू आणि पिंपरीला उतरू.

पिंपरीत 'एचए' म्हटलं की जुन्या माणसांना कळतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड. १९५४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिलेली. औषधं बनवणारा देशातला हा पहिला सरकारी कारखाना, १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. तोपर्यंत पेनिसिलिन बाहेरून यायचं आणि परवडायचं नाही. पुढे साठच्या दशकात अमेरिकेच्या मर्क कंपनीच्या तंत्रज्ञानावर तिथेच स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं.

स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे साधंसुधं औषध नव्हे. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळं केलं. (नोबेल १९५२ मध्ये एकट्या वॅक्समनला मिळालं. त्याआधी शॅट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता मिळवायला कोर्टात जावं लागलं. गाइड आणि पीएचडी विद्यार्थी यांचे संबंध हा वेगळ्या लेखाचा विषय.) क्षयरोगावर खात्रीने चालणारं हे पहिलं अँटिबायोटिक. घरात आजीआजोबा असतील तर विचारा, टीबीची इंजेक्शनं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघा.

एचएच्या संशोधन विभागाची धुरा बराच काळ डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्याकडे होती. हे गृहस्थ मूळचे वनस्पतींवरच्या बुरशीचे अभ्यासक. त्यांच्या काळात पिंपरीत हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक अँटिबायोटिक सापडलं. नावातलं 'हॅ' म्हणजे कंपनीच्या नावाची अक्षरं. पिकांसाठीचं ऑरिओफंगिनही तिथलंच. माणसांची औषधं बनवणाऱ्या कारखान्याचं एक पाऊल शेतात होतं, ते असं.

त्याच कारखान्यातून शेतीसाठी आणखी एक माल बाहेर पडला. स्ट्रेप्टोसायक्लिन. नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन, दहा टक्के टेट्रासायक्लिन. मिळायचं सहा ग्रॅमच्या पुडीत. मेडिकलमध्ये नव्हे, कृषी सेवा केंद्रात, खताच्या पोत्यांशेजारच्या कपाटात. चिठ्ठीबिठ्ठीचा प्रश्नच नाही.

* * *

या दोन वाटा एकत्र आल्या त्या डाळिंबात.

कसमादेचा भाग पावसाच्या छायेतला. द्राक्षाइतकं पाणी नाही, जमीन हलकी. डाळिंब अशा जमिनीत येतं. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी निवडलेला 'गणेश' वाण आधी आला, मग राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा गडद केशरी-लाल 'भगवा'. ठिबक सिंचन होतं, निर्यात सुरू झाली. ज्या गावांत बाजरीच्या पलीकडे फारसं काही पिकत नव्हतं तिथे लोकांनी बंगले बांधले, पोरं इंजिनिअरिंगला घातली. आपल्यातले काही जण त्या डाळिंबांच्या पैशावर शिकलेले असतील.

आणि मग २००० नंतर तेल्या आला. दमट हवा, मधूनच पाऊस, तीस अंशांच्या आसपास तापमान, असं जमून आलं की हा जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. छाटणीच्या कात्रीवरून जातो. सगळ्यात वाईट म्हणजे रोगट बागेतून घेतलेल्या कलमांबरोबर तालुक्याच्या तालुके ओलांडतो. पावसाळ्यात फळं येणाऱ्या मृग बहाराचं तर त्याने वाटोळं केलं. लोकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, आणि या रोगाने तिथल्या शास्त्रज्ञांनाही बराच काळ नाचवलं.

यावर उपाय काय? बहार बदला, म्हणजे पावसाळ्यानंतरचा हस्त बहार धरा. बागेला तीनचार महिने विश्रांती द्या. छाटणीनंतर खोडाला बोर्डोची पेस्ट लावा. रोगट फांद्या कापून जाळा, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. आणि फवारणी: दहा लिटर पाण्याला पाच ग्रॅम स्ट्रेप्टोसायक्लिन, सोबत वीस-पंचवीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड.

या यादीतल्या पहिल्या चार गोष्टींना कष्ट, शिस्त आणि एखादा बहार सोडायची हिंमत लागते. शेवटच्या गोष्टीला दुकान लागतं. डोक्यावर कर्ज असलेला माणूस कशाकडे वळेल? आपणही रीफॅक्टरिंग पुढच्या रिलीजवर ढकलून पॅच मारतोच की. दोनशे लिटरच्या बॅरलला शंभर ग्रॅम, म्हणजे सोळा-सतरा पुड्या. त्या फोडायच्या, काठीने ढवळायचं, पंप चालू करायचा. आभाळ आलं की फवारा. शेजाऱ्याने मारलं की आपणही मारा. काही दिवसांनी परत. टीबीच्या रुग्णाला डॉक्टर तोलूनमापून देतात ते औषध असं ढगासारखं बागांवरून तरंगत गेलं. फवारणाऱ्याच्या हातावर, मातीवर, ओढ्यात.

या गोष्टीत खलनायक शोधू नका. शेतकरी बाग वाचवत होता. कारखाना परवाना असलेला माल विकत होता. शास्त्रज्ञ हातात होतं ते सांगत होते. ज्याने-त्याने आपापल्या जागी रास्त तेच केलं, आणि सगळं मिळून जे झालं ते भलतंच होतं.

* * *

आता लॅबमध्ये डोकावू, कारण तिथे हीच जोडी जास्त शास्त्रशुद्ध कपड्यांत उभी आहे.

महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांच्या केमिस्ट्री विभागांत एक प्रयोग परंपरेने चालत आलाय. एखादं ओळखीचं औषध घ्या, समजा अ‍ॅम्पिसिलिन किंवा एखादं सल्फा. त्याच्या रेणूवर नायट्रोजनचा एक मोकळा गट असतो. त्याला एखादं अल्डिहाइड जोडा. पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तयार होतो 'शिफ बेस'. ह्यूगो शिफ या केमिस्टने १८६४ मध्ये ही विक्रिया सांगितली म्हणून हे नाव. आता हा बदललेला रेणू तांबं, कोबाल्ट, निकेल किंवा जस्ताच्या क्षाराबरोबर उकळा. खाली हिरवा, तपकिरी, निळा असा सुंदर रंगाचा साका बसतो. धातूला रेणूने दोन्ही बाजूंनी पकडलेलं असतं, खेकड्याने नांगीत धरावं तसं. म्हणूनच अशा पकडीला 'चिलेट' म्हणतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नांगी.

मग परीक्षा. बशीतल्या आगरवर जिवाणू पसरायचे, औषधात बुडवलेली कागदाची चकती ठेवायची, रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. बऱ्याचदा धातूच्या कॉम्प्लेक्सचं वर्तुळ मूळ रेणूपेक्षा मोठं येतं. याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं: धातूवरचा विद्युतभार रेणूभर वाटला जातो, रेणू तेलाशी जास्त सलगी करू लागतो, आणि जिवाणूचं आवरण तेलकटच असल्याने आत शिरणं सोपं जातं.

पण धातू नेहमी मदतच करतो असं नाही. डॉक्सिसायक्लिन घेताना डॉक्टर दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात ना? डॉक्सिसायक्लिन टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातलं. दुधातलं कॅल्शियम त्याला नांगीत पकडतं आणि गोळी पोटातून रक्तात कमी जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर तीच रड. आणि हेच टेट्रासायक्लिन जिवाणूच्या आत पोचल्यावर मात्र मॅग्नेशियमला धरूनच आपलं काम करतं. म्हणजे बाहेर भेटलेला धातू शत्रू, आत भेटलेला मित्र. टेट्रासायक्लिन तांब्यालाही घट्ट धरतं. त्यामुळे आमच्या शेतकऱ्याच्या बॅरलमध्ये थोडंफार कॉम्प्लेक्स नकळत तयार होत असणारच. ते औषधाला धार लावत होतं की बोथट करत होतं, हे बॅरल ढवळणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

या जोडीची खरी यशस्वी कहाणी तुमच्या घरातल्या फर्स्ट एडच्या डब्यात असू शकते. भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. कोलंबिया विद्यापीठातले चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ मध्ये सल्फा औषध आणि चांदी यांना एकत्र बांधलं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे जखमेवर चांदी हळूहळू सुटत राहते. कित्येक भाजलेले लोक त्याने जगले. आता त्याने जखम भरायला उशीर होतो असं काही अभ्यास सांगतात आणि नवी ड्रेसिंग आली आहेत, पण पन्नास वर्षांची इनिंग छोटी नाही.

आजकाल तर या क्षेत्रात पुन्हा जान आलीय. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने जगभरच्या केमिस्टांना तुमचे रेणू पाठवा, आम्ही फुकट तपासतो असं आवाहन केलं होतं. २०२० मध्ये त्यांनी हिशोब मांडला. धातू असलेल्या ९०६ संयुगांपैकी ८८ संयुगं एखाद्या तरी जिवाणूवर किंवा बुरशीवर चालली आणि मानवी पेशींना घातक ठरली नाहीत. धातू नसलेल्या संयुगांत यशाचं प्रमाण एक टक्काही नव्हतं, इथे ते जवळजवळ दहा टक्के. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सेफिडेरोकॉल तर चक्क लोहाला नांगीत धरून जातं. जिवाणूला लोहाची प्रचंड भूक असते, तो हौसेने दार उघडतो आणि लोहाबरोबर अँटिबायोटिक घरात येतं. अफझलखानाच्या भेटीला वाघनखं लपवून जावं तसं.

जिवाणूही धातू वापरतोच. २०१० मध्ये ज्या नावावरून दिल्लीत गदारोळ झाला होता ते एनडीएम-१ हे एन्झाइम आपल्या पोटात जस्ताचे दोन अणू बाळगतं आणि त्यांच्या जोरावर भारी भारी अँटिबायोटिक्स कापून टाकतं. हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दाखवलं, की अल्सरवर देतात ते बिस्मथचं औषध या जस्ताला उचलून बाहेर फेकतं आणि एन्झाइम लुळं पडतं. धातूला धातूच भारी.

* * *

इथपर्यंत वाचून 'मग द्या धातू जोडून सगळ्याला' असं वाटलं असेल तर जरा थांबा. काचेच्या बशीत एका रात्रीचं वर्तुळ दिसतं. विसाव्या पिढीतला जिवाणू काय करेल हे त्या बशीत दिसत नाही.

१९७५ साली बॉस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात साल्मोनेला जिवाणू घुसला. तिथे जखमांवर चांदीचं औषध वापरत होते. चांदीने तो मरेना. काही रुग्ण दगावले, वॉर्ड बंद करावा लागला. पुढे त्या जिवाणूच्या पोटात एक प्लास्मिड सापडलं. प्लास्मिड म्हणजे जिवाणूंचा पेन ड्राइव्ह समजा. मुख्य डीएनएपासून वेगळा, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज कॉपी होणारा. त्या एकाच पेन ड्राइव्हवर चांदीला तोंड देणारी फाइल होती, पाऱ्याला तोंड देणारी होती, शिवाय अ‍ॅम्पिसिलिन, टेट्रासायक्लिन, सल्फा आणि आपलं स्ट्रेप्टोमायसिन, सगळ्यांविरुद्धच्या फाइली होत्या!

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अँटिबायोटिक वापरणं उद्या बंद केलं तरी धातू चालू राहिला, तर जिवाणूला तो पेन ड्राइव्ह जपून ठेवण्याचं कारण मिळत राहतं. धातूविरुद्धच्या फाइलीबरोबर बाकीच्या फाइलीही आपोआप जपल्या जातात. २००२ मध्ये डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांना डुकरांच्या पोटातल्या जिवाणूंत हेच सापडलं. खाद्यात तांबं घालत होते, आणि तांब्याला दाद न देणारा जीन अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जीनच्या शेजारीच बसलेला होता.

बागांचाही अनुभव वेगळा नाही. अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीवर पन्नासच्या दशकापासून स्ट्रेप्टोमायसिन फवारत होते. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला न जुमानणारा जिवाणू सापडला. पुढे इतर राज्यांतल्या बागांमधल्या अशा जिवाणूंत जे दोन जीन मिळाले, तेच दोन जीन माणसांच्या आणि जनावरांच्या रोगजंतूंतही सापडतात. फ्लोरिडात टोमॅटोवर तेल्याच्याच कुळातला झँथोमोनास आहे, त्याने ऐंशीच्या दशकात तांब्यालाही भीक घालणं सोडलं. झाडाचा जिवाणू आणि माणसाचा जिवाणू ही आपली वर्गवारी आहे. त्यांच्यात असली वॉर्डरचना नाही.

शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाचा आदेश आला. स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचं हे मिश्रण शेतीसाठी बनवणं आणि आयात करणं २०२२ पासून बंद, आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीत वापरच बंद. कारण सरळ दिलेलं होतं: माणसांच्या औषधांना जिवाणू सरावू नयेत. सहा ग्रॅमच्या पुडीचा अध्याय असा संपला.

तांबं मात्र राहिलं, आणि राहणार आहे. ते स्वस्त आहे आणि अजून बरंच काम करतं. पण अँटिबायोटिक निदान कुजतं, तांबं मातीत साठतच जातं. मिलार्देच्या युरोपात ही चिंता इतकी वाढली, की २०१९ पासून तिथे सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं वापरता येत नाही. आपल्याकडे शेतकरी किलो मोजतो तो फक्त बिलावर.

म्हणून या इतिहासातून एकच मागणी करावीशी वाटते, आणि ती शेतकऱ्याकडे नाही. लॅबमध्ये नवा रेणू बनला, त्याचं वर्तुळ मूळ औषधापेक्षा दोन मिलिमीटरने मोठं आलं, की पेपर छापून येतो. त्या पेपरात आणखी दोन प्रयोग असावेत. तोच जिवाणू महिनाभर रोज थोड्या थोड्या डोसवर वाढवून बघा, तो किती दिवसांत सरावतो. आणि सरावलेला जिवाणू दुसऱ्या कुठल्या औषधांना हसायला लागला तेही बघा. याला महागडं यंत्र लागत नाही, टेस्ट ट्यूब, उबवणी कपाट आणि चिकाटी पुरते. नाशिकच्या कॉलेजातल्या एमएस्सीच्या पोरांनाही जमेल असं हे काम आहे. आपल्याकडे याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात, आणि ते न करता रिलीज केलं की सोमवारी काय होतं हे तुम्हाला माहीत आहेच.

सटाण्याकडचा कुणी दोस्त असेल तर त्याला विचारा, हल्ली तेल्यावर काय करता. हस्त बहार धरतो, कात्री धुतो, फांद्या जाळतो असं उत्तर आलं, तर त्याची डाळिंबं दोन रुपये जास्त देऊन घ्या.